पाटल्या वाजू लागल्या तो उन्हाळा

गॅलरीच्या दोरीवर माझी लुंगी वाळतेय आणि तिच्या शेजारी चांगुणाचा पोहायचा काळा ड्रेस. लुंगी कधीच सुकली. ड्रेस अजून ठिबकतोय. त्याचं पाणी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या तुळशीवर पडतं म्हणून काल त्या वर येऊन बोलून गेल्या. चांगुणा त्यांना म्हणाली, "बरा झाला, तुमची तुलसपन पवायला शिकंल." बाई हसल्या आणि चहा पिऊन गेल्या. एप्रिल लागला की आमच्या घरात हे सुरू होतं. पिशवी, टॉवेल, रबराची टोपी, आणि टाकीच्या पाण्यात घालतात त्या औषधाचा वास. नाकात बारीक टोचतो. आमची सून नीलम त्या वासाने खिडक्या उघडते, मी माझी खुर्ची दोरीच्या जवळ ओढतो. त्या वासाबरोबर तो पहिला उन्हाळा येतो, आणि मला तो हवा असतो.

टाकी म्हणजे स्विमिंग पूल. सगळे पूल म्हणतात, मी टाकी म्हणतो. जिथे भरती नाही, ओहोटी नाही, मासळी नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं. मी उरणच्या मोरा बंदराचा. चौथीची परीक्षा दिली नाही, त्या दिवशी बापाबरोबर बोटीवर होतो. पुढे स्वतः तांडेल झालो, म्हणजे बोट माझ्या शब्दावर चालायची. अजूनही रस्त्याने जाताना मी वारा कुठून आहे ते आधी बघतो, मग सिग्नल. न्हावा शेव्याची जहाजं वाढली, मुलगा तिकडेच कंटेनरच्या कामाला लागला आणि आम्ही पनवेलला या तिसऱ्या मजल्यावर आलो. मी बोट सोडली. चांगुणाने पाटी सोडली नाही. पनवेलच्या मासळी बाजारात ती वर्षानुवर्षं पहाटेपासून उकिडवी बसली, तिथेच गुडघे घालवून बसली.

तिच्या अंगाबद्दल सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. लग्नात काडी होती. पुढे मुलं झाली, घरात मासळी-भात कधी कमी पडला नाही, आणि ती भरत गेली. आमच्यात बायको भरली म्हणजे घर भरलं असं धरतात. तिच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या मी माझ्या एका चांगल्या हंगामात केल्या होत्या. त्या मनगटात अशा रुतल्या की साबण लावूनही हलत नसत. बाकीच्या बायकांच्या हाताचा आवाज यायचा, हिच्या हाताचा कधी नाही. मला ते बरंच वाटायचं. सोनं घट्ट बसलंय.

मग एका शिमग्याला मोऱ्याला गेलो. तिच्या भावाच्या बोटीतून सगळे खाडीपलीकडे निघाले होते. ओहोटी होती, बोट खाली गेलेली, धक्क्यावरून फळी तिरकी लावलेली. चांगुणाने पाय टाकला आणि गुडघा अडकला. पुढे नाही, मागे नाही. दोघा पोरांनी तिला काखेत धरून, मासळीची पाटी उतरवतात तशी, खाली उतरवली. एक पोर दुसऱ्याला म्हणाला, "बर्फ घाल रं वरून." बोटीत हसू फुटलं. तीही हसली. पण ती त्या दिवसानंतर बोटीवर गेली नाही. माहेरी मोऱ्याला गाडीरस्त्याने जायचं, भावाच्या ओट्यावर बसायचं, आणि समुद्राकडे पाठ करून परतायचं.

असं किती चाललं असतं कोण जाणे. पण पुढे एका चैत्रात तिचा भाचा दिनेश घरी आला. नवी बोट बांधायला टाकली होती त्याने. खाली बसून आत्याच्या पायावर हात ठेवून म्हणाला, "आत्या, नारली पुनवेला बोट पान्यान घालताव. पयला पाय तुजा."

त्यांच्या घराण्याची ती रीत आहे. नव्या बोटीवर पहिला पाय घरच्या आत्याचा. ती चढणार, नाळेला म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला हळदकुंकू लावणार, नारळ देणार, आणि बोटीचा पहिला फेरा आत्याला घेऊन होणार. आत्या नसेल तर दुसऱ्या कुणाचा पाय चालतो, पण मग वर्षभर त्या बोटीचं काही बिनसलं की लोक त्याच गोष्टीवर येतात. दिनेशला आत्या एकच.

तो गेल्यावर चांगुणा बराच वेळ भांडी घासत राहिली. ती भांडी सकाळीच घासून झाली होती.

"जाशील की," मी म्हटलं. "चार पोरं असतात तिथे धरायला."

"मना आता कुनी पाटीसारखा उचलनार नाय," ती म्हणाली. "गेले तं माज्या पायान जाईन. नायतर जानार नाय."

मला वाटायचं घरात हट्टी मी एकटा आहे.

नीलम तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. मीही गेलो, बाहेर बसायचं म्हणून गेलो आणि आत जाऊन उभा राहिलो. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांवरचं ओझं उतरवा, रोज चाला. चांगुणा म्हणाली, "चालता येत नाय म्हनून तं तुमच्याकडं आलो." डॉक्टर हसले. म्हणाले, मग पाण्यात चाला, पोहायला शिका, पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही. आणि हळूहळू उतरू द्या, घाईने नको. त्यांनी तिला वजनाच्या काट्यावर उभं राहायला सांगितलं. ती राहिली नाही. म्हणाली, "मी जनमभर मासली वाट्यानी इकली, काट्यानी नाय. डोल्याला समजतं."

मी विरोध केला हे लिहितो, कारण मी केलाच. समुद्राच्या माणसांनी पैसे देऊन टाकीत उतरायचं? मी घरी येऊन दोन दिवस नीलमशी बोललो नाही. नीलमने तिसऱ्या दिवशी तो काळा ड्रेस आणून पलंगावर ठेवला. लांब बाह्यांचा, गळ्यापासून पोटरीपर्यंत एक सलग. चांगुणा त्याच्याकडे पापलेट ताजं आहे की नाही बघावं तशी बघत राहिली. मग बोटाने दाबून बघितलं.

"आई, साडी नेसून आत सोडत नाहीत," नीलम म्हणाली.

"मंग ह्यात मी जानार कशी?"

"सगळ्या बायका असाच घालतात. बायकांची बॅच असते, पुरुष कुणी नसतो."

"आनी हा?" चांगुणाने माझ्याकडे बोट केलं.

"बाबा बाहेर बसतील," नीलम म्हणाली. मी जाणार की नाही हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी गेलो.

टाकीच्या भोवती उंच भिंत आहे. भिंतीबाहेर एक सिमेंटचा बाक, त्याच्यावर बदामाच्या झाडाची सावली. उन्हाळाभर सकाळी मी त्या बाकावर. हातात तिची चपलांची पिशवी आणि चष्मा. भिंतीपलीकडे पाणी, आणि मला त्यातलं काही दिसत नाही. गेटवरचा वॉचमन मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "बाबा, पुरुषांच्या बॅचला या की तुम्ही पण. शिकाल."

"मी तांडेल आहे," मी म्हटलं.

"मग इथे भिंतीला कान लावून काय करता?"

त्याला काय सांगणार. धुक्यात बोट चालवणारा माणूस कानानेच चालवतो. खडकावर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा, रेतीवरचा वेगळा. मी डोळे मिटायचो आणि भिंतीपलीकडलं पाणी ऐकायचो. आधी नुसता गलका, बायकांचं हसणं, शिट्टी. मग हळूहळू मला त्यातून चांगुणा वेगळी काढता यायला लागली.

पहिले काही दिवस तिचा आवाज म्हणजे चालण्याचा. पाणी कापत जाण्याचा जड, सलग आवाज. ती काय करते ते ती घरी येऊन सांगायची. लहानपणी ती खाडीच्या चिखलात खुबे-शिंपले वेचायची, कमरेइतक्या पाण्यात पायाच्या बोटांनी चाचपत. टाकीत उतरल्यावर पाय आपोआप तेच करायला लागले. शिकवणारी मॅडम म्हणाली, "आजी, खाली काय पडलंय का? काय शोधताय?" चांगुणा म्हणाली, "काय नाय गो, सवय. तुमच्या पान्यान काय गावत नाय." सगळ्या बायका हसल्या आणि दुसऱ्या दिवशी दोघीजणी तिच्यामागे तशाच पाय ओढत चालायला लागल्या.

पण कमरेच्या पुढे ती जाईना. आमच्या बायकांना पाणी गुडघ्यापर्यंत ओळखीचं, कमरेपर्यंत कामाचं, त्यापुढे ते पुरुषांचं. त्यापुढच्या पाण्याकडे त्या धक्क्यावर उभ्या राहून बघतात. चांगुणानेही आयुष्यभर बघितलं. मी निघालो की ती धक्क्यावर यायची, पदराचं टोक मुठीत घेऊन उभी. मी बोटीतून एकच वाक्य टाकायचो, "नको घाबरू, मना पवता येतं." वारा वाईट असला तरी तेच, चांगला असला तरी तेच. पाण्यावर अंग टाकून द्यायचं, पाणी धरेल असं मानायचं, हे तिच्या हाडात नव्हतं.

मॅडम तिला म्हणायची, "आजी, अंग सैल सोडा. मी मानेखाली हात धरलाय." चांगुणा सैल सोडायची नाही. मॅडमचा हात मात्र दुखायचा. मी बाकावरून ऐकायचो. मॅडमचा आवाज, मग पाण्याची धडपड, मग खोकला. एकदा इतका खोकला झाला की मी उठून गेटपाशी गेलो. वॉचमन आडवा आला. "लेडीज बॅच आहे, बाबा." मी परत येऊन बसलो. तांडेल होतो, वादळात बोट परत आणलीय, आणि तिथे मला नुसतं बसून राहायचं होतं. मला ते जमेना.

आणि मग एका सकाळी आवाजच बंद झाला. शिट्टी नाही, खोकला नाही. मी उभा राहिलो. मग आतून टाळ्या आल्या.

गेटमधून ती बाहेर आली ती लहान पोरीसारखी. केस ओले, नाक लाल. चपला न घालताच बोलायला लागली. "पान्यानी धरला मना. ऐकताव काय? मॅडमनी हात काढला कवाच, मना कल्लाच नाय. मी आपली आभाल बघत पडले." ऑफिसात जाणाऱ्या बारीक पोरी टाकीत दगडासारख्या खाली जातात म्हणे, हात मारतात तेवढंच वर राहतात. ही मात्र जाळ्याचा बोया तरंगतो तशी वर. मॅडम तिला म्हणाली होती, "आजी, तुमच्याइतकं सहज इथे कुणी तरंगत नाही." रिक्षात बसल्यावर चांगुणा आपल्या पोटाकडे बघत हसत होती. "ज्याला सगले हसले," ती म्हणाली, "त्यानीच वर धरला."

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. बाकावर बसून दुसरं काम नव्हतं. धक्क्यावर जे अंग तिला घेऊन चालत नव्हतं, त्याच अंगाने तिला पाण्यात भीतीच्या वर ठेवलं. ते नसतं तर ती घाबरून चौथ्या दिवशी घरी बसली असती. आता ती त्याच अंगाच्या जोरावर रोज जाणार होती आणि त्यातलं थोडं थोडं तिथे सोडून येणार होती. मला त्या अंगाबद्दल जो अभिमान होता तो अगदीच चुकीचा नव्हता, एवढंच मी इथे म्हणतो.

त्यानंतर पाण्याचा आवाज बदलला. हात मारण्याचा आला, तुटक, मग जोडलेला. ती तोंड पाण्यात घालून पोहायची. आम्ही कोळी डोकं वर ठेवून पोहतो, बोट कुठे आहे ते दिसलं पाहिजे. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "माजी बोट काय पलून जात नाय. मॅडम सांगतील तसा." मी परत सांगायला गेलो नाही.

जेवणही बदललं. तळलेलं कमी, कालवण तसंच, भाताचा ढीग निम्मा, आणि रात्रीचं जेवण दिवे लागायच्या सुमाराला. मला वेगळं वाढायची. मी दोन दिवस वेगळं खाल्लं, तिसऱ्या दिवशी तिच्या ताटासारखंच मागितलं. एकटा माणूस तळलेली सुरमई खात बसतो आणि समोर बायको काकडी खाते, ते गळ्याखाली उतरत नाही.

मग तो आवाज. जेठाची दुपार, पंखा बंद, वीज गेलेली. मी पडलो होतो. स्वयंपाकघरात ती भाकऱ्या थापत होती आणि तिकडून काहीतरी किणकिणलं. मला वाटलं नीलमची बांगडी, पण नीलम ऑफिसात. परत आलं. थाप, किण. थाप, किण. मी उठून दारात गेलो. चांगुणाच्या पाटल्या मनगटावर एकीवर एक आपटत होत्या. इतकी वर्षं मुक्या होत्या त्या. तिला माहीत नव्हतं की मी बघतोय, ती आपली भाकरी फिरवत होती. मी तिथे उभा राहून दोन भाकऱ्या होईपर्यंत ऐकलं. काट्यावर ती कधी चढली नाही, आणि मला काट्याची गरज राहिली नाही.

तिचं कौतुक मी इथे संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण आषाढात ती घाईला आली. पुनव जवळ येत होती आणि तिने मनात काहीतरी ठरवलं. रात्रीचं जेवण सोडलं. मग मासळी सोडली. कोळणीने मासळी सोडली म्हणजे काय ते ज्याला समजायचं त्याला समजेल. मला सांगायची, पोट भरलंय. पाटल्या मनगटावरून कोपराकडे जायला लागल्या. त्यांचा आवाजही सैल झाला, मोकळ्या डब्यात खडा वाजतो तसा. डोळ्याखाली काळं आलं. बाजारातली एक ओळखीची भेटली, तिने मलाच धरलं, "म्हातारीला खायला देताव का नाय?" मी घरी येऊन चांगुणाला बोललो. ती म्हणाली, "पुनव झाली का खाईन."

दुसऱ्या दिवशी मॅडम तिला हाताला धरून गेटबाहेर घेऊन आली. पाण्यातून चढताना शिडीवर डोळ्यांपुढे अंधार आला होता. मॅडम वयाने माझ्या नातीएवढी, पण अशी बोलली की वॉचमननेही पाय सरळ केले. "आजी, तीन दिवस यायचं नाही. जेवून, झोपून या. पोहायला ताकद लागते. मी बारीक बायका बनवायला इथे उभी नाही." मग माझ्याकडे वळून, "आजोबा, तुम्ही बघा."

मी बघितलं. बोटीवर स्वयंपाक पुरुषच करतात, मला कालवण येतं. त्या संध्याकाळी मी नीलमला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. बोंबील आणले, चिंच, लसूण, आगरी मसाला, वर तांदळाची भाकरी. भाकरी जरा जाड झाली. ताट तिच्यापुढे ठेवलं.

"नको," ती म्हणाली.

"बोट मोकळी असली की आमी तळात काय टाकतो?"

तिला माहीत होतं. बापाच्या बोटीत बघितलेलं होतं.

"दगड टाकतो ना? कशाला टाकतो?"

"हलते म्हनून."

"मंग? तुला फळीवर उभं राहायचंय. ओझं जास्त असलं तर बोट बुडते, नसलं तर लाट तिला खेळवते. पाण्यावर बसेल एवढं लागतंच. तुझं तेवढं आता झालंय. पुढचं उतरवू नको."

"तुमाला काय म्हाईत कवरा ते?"

"ऐकू येतं मला," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग बोंबील तोंडात घातला. थोड्या वेळाने म्हणाली, "मीठ कमी हाय." आणि दुसरी भाकरी मागून घेतली. तीन दिवसांनी ती परत टाकीत गेली. पाटल्या मनगटावर येऊन थांबल्या, तिथेच आजतागायत आहेत. हात हलला की वाजतात, काम थांबलं की थांबतात.

नारळी पुनवेला मोऱ्याच्या धक्क्यावर आमची सगळी माणसं. आभाळ भरलेलं होतं पण पाऊस थांबला होता. दिनेशची बोट निळ्या-पिवळ्या रंगात, नाळेला झेंडूची माळ, आणि नेमकी ओहोटी. फळी तिरकी. तीच ती उतरंड. मी फळीकडे बघितलं नाही, बघवलं नाही. चांगुणा नव्या हिरव्या साडीत, काष्टा घट्ट मारलेला, हातात पूजेचं ताट. दिनेश बोटीतून पुढे झाला आणि त्याने दोन्ही हात पसरले.

"माजा हात नको धरू," ती म्हणाली. "ताट धर."

त्याने ताट धरलं. ती फळीवर आली. मी डोळे मिटले, सवयीने. फळी करकरली एकदा. मग पाऊल. मग पाऊल. एक गुडघा वाकल्याचा, मोडलेल्या काटकीसारखा बारीक आवाज मला आला असं मी म्हणेन, कुणी मानो न मानो. थांबली ती. मग पाटल्या वाजल्या आणि त्यामागोमाग लाकडावर पाय ठेवल्याचा भरीव आवाज, पूर्ण वजनाचा. मी डोळे उघडले. ती बोटीत उभी होती, दोन पायांवर, आणि पदर सारखा करत होती.

तिने नाळेला कुंकू लावलं. नारळ दिला. पोरांनी इंजिन सुरू केलं.

पहिल्या फेऱ्याला फक्त आत्या आणि बोटीची माणसं. जावई मंडळी धक्क्यावर, ती रीत मला माहीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. बोट खाडीच्या तोंडाकडे वळली, चांगुणाची हिरवी साडी लहान होत गेली. बाहेर लाटा होत्या. मी धक्क्याच्या कडेला गेलो. माझ्या आजूबाजूला सगळ्या बायकाच होत्या. त्या इथे नेहमी उभ्या असतात, मी त्यांच्यात कधी उभा नव्हतो. माझ्या खांद्यावर टॉवेल होता, त्याचं टोक माझ्या मुठीत आलं होतं ते मला नंतर दिसलं. इंजिनाचा आवाज मी ऐकत राहिलो. तो वाऱ्यात गेला, परत आला, परत गेला.

तिची भावजय शेजारी होती. तिने माझ्या मुठीकडे बघितलं.

"भावजी, घाबरलाव काय?"

"नाय," मी म्हटलं. "तिला पवता येतं."